बिनतिळाचा भात

प्रेक स्वाय, काम्पोंग थोम
४ नोव्हेंबर १९९२

सारिनदादा,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, नोटीसच ती. "माझी आई सत्त्याहत्तर सालीच गेली. धाकटी बहीण थावीही तिच्याबरोबर गेली. आपण कोण हे मला ठाऊक नाही. याआधी तीन जणींनी मला दादा म्हणून लिहिलं आणि तिघींनी पैसे मागितले. आई खरोखर जिवंत असेल तर तिचा फोटो पाठवा."

वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मी पैसे मागितले का तुझ्याकडे? सरहद्दीवरच्या निर्वासितांच्या छावणीतला तुझा मित्र किरी परत आला, त्याने तुझा पत्ता दिला, म्हणून लिहिलं. वाटलं होतं, दादा आनंदाने वेडा होईल. तू मला 'आपण' म्हणतोस!

आम्ही गेलो हे तुला सांगितलं कोणी? तुझ्या कालवा खणणाऱ्या टोळीच्या म्होरक्याने. आता जंगलात लपलेल्यांचं राज्य होतं त्या काळात 'शिकायला नेलं' म्हटलं की माणूस संपला, हे मलाही कळतं. आम्हाला नेलंच होतं. वाटेत बैलगाडीचं चाक मोडलं, हाकणाऱ्याला कंटाळा आला, आणि त्याने आम्हाला जवळच्या वस्तीवर भातलावणीच्या बायकांत ढकलून दिलं. एवढीच गोष्ट. मोडक्या चाकामुळे तुझी आई वाचली. यात पटण्यासारखं काही नाही, हे मलाही मान्य आहे. पण त्या तीन वर्षांत पटण्यासारखं काय घडलं होतं?

आणि फोटो कुठून आणू? होते ते सगळे आपणच चुलीत घातले ना? चष्मा लावलेल्या आपल्या मास्तर बापाचा फोटो घरात सापडला असता तर शिकलेलं घर म्हणून आपण सगळे मेलो असतो. इथल्या एकुलत्या एका स्टुडिओला कुलूप आहे. मालक नोम पेन्हला गेलाय, परदेशी लोकांचे फोटो काढायला. आईला एवढ्या लांब नेऊ कशी? रस्त्याकडेला सुरुंग आहेत आणि तिचे गुडघे गेलेत.

एकच वाट आहे. पुढच्या मे महिन्यात निवडणूक आहे, ती पार पाडायला जगभरातून पाहुणे आलेत. मला मोडकंतोडकं इंग्रजी येतं म्हणून मी त्यांची दुभाषी झाले. आमच्या भागावर सिग्रिड नावाची नॉर्वेची बाई आहे. कपडे वाळत घालायच्या बांबूएवढी उंच. ती प्रत्येक मतदाराला ओळखपत्र देणार आहे आणि त्यावर फोटो असणार आहे! तिच्या यंत्रातून फोटो तिथल्या तिथे बाहेर येतो.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं नाही. म्हटलं, दादा खुशाल आहे, तुझा फोटो मागतोय. लाजली रे ती! म्हणाली, "आता कसला माझा फोटो, दात पडले सगळे." आणि हाताआड हसली.

थावी
(जी तुझ्या मते मेलेली आहे)


प्रेक स्वाय
२७ डिसेंबर १९९२

सारिनदादा,

फोटो निघाला, पण तुला पाठवता येत नाही. थांब, कागद लगेच चुरगळू नकोस. काय झालं ते ऐक.

आधी आईच तयार होईना. मी गावोगाव भोंग्यावरून ओरडत होते, "मंडळी, छ्नाओत टाकायचं आहे, नावं नोंदवा!" सिग्रिडने विचारलं, "लोक का हसतात? आणि बक्षीस काय, असं का विचारतात?" मी म्हटलं, "बाई, आमच्याकडे मताला आणि लॉटरीच्या तिकिटाला एकच शब्द आहे." तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, "मग दुसरा शब्द वापर." दुसरा आहे कुठे? ह्या देशात मत म्हणजे छ्नाओत आणि छ्नाओत म्हणजे नशीब. तिच्या वरिष्ठांनी छापलेल्या पुस्तिकेत पाच पानं लोकशाहीवर आहेत. ह्या एका शब्दावर एक ओळ नाही.

आईने तर कानावर हातच ठेवले. "तुझ्या बापाने छ्नाओतापायी बैलजोडी घालवली. मास्तर असून अक्कल शून्य. मी तेव्हाच सांगितलंय, ह्या घरात पुन्हा छ्नाओत नाही."

शेजारचे ता मोन समजवायला आले. आपल्या घाटावर होडी चालवतात तेच. "अगं, ह्यात पैसे जात नाहीत."

"मग येतात का?"

"येतही नाहीत."

"जात नाहीत, येत नाहीत, मग टाकायचं कशाला?"

ता मोन माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "आई, फोटो निघेल. दादाला पाठवता येईल." मग बाई उठली, अंघोळ केली आणि पांढरं वस्त्र नेसून माझ्याआधी रांगेत जाऊन उभी राहिली.

तिथे घोडं अडलं. टेबलावरच्या माणसाने विचारलं, जन्म इथलाच कशावरून? कागद? आमच्याकडे कागद! नियम असा की कागद नसेल तर दोन साक्षीदारांनी शपथेवर सांगायचं. ता मोन एक झाले. दुसरी ताडगूळ विकणारी म्हातारी. तिची आणि आईची पाच वर्षं बोलाचाल बंद आहे. तरी आली आणि म्हणाली, "हीच ती. एवढी भांडखोर दुसरी कोण असणार?"

फोटो काढला तो उन्हाकडे पाठ करून. मी सिग्रिडला म्हटलं, तोंड काळं येईल. ती म्हणाली, "रांग मोठी आहे." तोंड काळं आलं. कान दिसतात, हनुवटी दिसते, आणि डोकं. तुला माहीत नाही, तीन वर्षांपूर्वी आईने देवळात व्रत घेतलं. तेव्हापासून ती डोकं भादरते.

मी विनवणी केली, अजून एक काढा, भावाला पाठवायचाय. सिग्रिड म्हणाली, "एका माणसाला एकच. जास्त दिला तर लोक म्हणतील आम्ही मतांसाठी भेटी वाटतो." तिचं खोटं नाही. पण खरं बोलणाऱ्या माणसाचाही राग येतो कधीकधी.

आणि ओळखपत्राशिवाय मत देता येत नाही. म्हणून मे संपेपर्यंत ते इथेच राहील. तेवढा दम धर.

थावी


प्रेक स्वाय
१९ एप्रिल १९९३

सारिनदादा,

नवं वर्ष झालं. तुझं पत्रही आलं. "बहाणे चांगले आहेत," असं लिहिलंस. वा! एवढं बरं अक्षर काढून असलं लिहिताना हात कसा कापला नाही तुझा?

बहाणे काय असतात ते मी सांगते. इथले पक्षाचे लोक घरोघर फिरून ओळखपत्रं मागतात. म्हणे, नंबर टिपून घ्यायचाय. दिलं की परत येईलच असं नाही. जंगलातले लोक निरोप धाडतात की मत द्यायला गेलात तर रांगेवर तोफ डागू. गावात कोणी उठवलंय की पेन्सिलीत यंत्र आहे आणि कुठे खूण केली ते राजधानीत दिसतं. आणि मी दिवसभर भोंग्यावर सांगते, "मत गुप्त आहे, घाबरू नका!" घसा बसलाय. मला स्वतःला भीती वाटते, पण दुभाष्याला स्वतःचं मत नसतं.

आईने ओळखपत्र तांदळाच्या मडक्यात तळाशी ठेवलंय. पक्षाचा माणूस आला तेव्हा म्हणाली, "बाळा, मी म्हातारी, कुठे ठेवलं आठवतच नाही. बस, प्रहोक मासळी आणि भात खा." तो खाऊन गेला. गेल्यावर मला म्हणते, "थावी, हे पाठवून दे सारिनला. मला मत काय करायचंय?"

मी नाही म्हटलं. आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, सगळ्या गावाला मी सांगत फिरते की कार्ड जिवापाड जपा, आणि माझ्याच आईने टपालात टाकायचं? ती म्हणाली, "गावाला मुलगा परदेशात नाही." मी म्हटलं, "तुला मुलगीही आहे, ती ह्या घरात आहे!" त्या दिवशी कोणी जेवलं नाही.

खरं सांगू? मला तुझा हेवा वाटतो. सोळा वर्षं तिचं पाणी मी भरते, तिचे पाय मी चेपते, आणि डोळे तुझ्या वाटेला. आणि तू तिला पुरावा मागतोस!

एक बरी बातमी. ओढ्यावरचा लाकडी पूल पाहुण्यांच्या ट्रकांनी मोडला होता, तिथे त्यांच्या सैनिकांनी लोखंडी पूल टाकला. दोन दिवसांत! आपल्या लोकांनी दहा वर्षांत बांधला नसता. माणसं नुसतीच ह्या काठावरून त्या काठावर जाऊन येतात. ताडगूळवाल्या म्हातारीने पुलावर उदबत्ती लावली. म्हणाली, एवढं झालं तरी पुरे, मत कोणालाही जाऊ दे.

थावी


प्रेक स्वाय
२९ मे १९९३

सारिनदादा,

झालं एकदाचं. कोणी तोफ डागली नाही.

आपली शाळा तुला आठवते? तिला पाहुण्यांनी नवे पत्रे घातले. तिथेच मतदान होतं. उजाडायच्या आत रांग तळ्यापर्यंत गेली. बायकांनी नव्या वर्षाचे कपडे घातले होते. मी पायऱ्यांवर उभी राहून ते बघितलं आणि मला रडू आलं, इतके महिने चिडचिड केली तरीसुद्धा.

आईची पाळी आली. बोट शाईत बुडवायला लावलं. शाई दिसत नाही, दिव्याखाली धरली तरच चमकते. आईने बोट उलटसुलट करून बघितलं. "हिला रंगच नाही! फसवतायत." मग सिग्रिडकडे वळून मला म्हणाली, "विचार तिला, मेलेल्या माणसाला मत देता येतं का?"

मी विचारलं, "असं का म्हणतेस?"

"सारिनची पत्रं किरीने वाचून दाखवली मला. तू कपाटावर ठेवतेस ती. माझा मुलगा म्हणतो मी मेले. आधी विचारून घेतलेलं बरं, नंतर भानगड नको."

आता सिग्रिडला मी हे भाषांतर करून काय सांगणार! ती विचारत राहिली, "काय म्हणतात त्या?" मी म्हटलं, "काही नाही, शाईबद्दल विचारतात." सात महिन्यांत मी केलेलं हे एकमेव खोटं भाषांतर.

आई आत गेली. बराच वेळ आली नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, एवढा वेळ काय करत होतीस? म्हणाली, "वीस चित्रं होती कागदावर. सगळी नीट बघितली. कोणी आपल्याला इतकं विचारतं का कधी?" कोणाला मत दिलं ते मलासुद्धा सांगितलं नाही. "गुप्त आहे," म्हणाली. माझाच भोंगा माझ्यावर उलटला.

घरी येऊन तिने मडक्यातून कार्ड काढलं, पुसलं आणि माझ्या हातात दिलं. ते सोबत पाठवते आहे. तोंड काळं आलंय, डोक्यावर केस नाहीत, हे मी आधीच सांगितलंय. पण डाव्या कानाची पाळी बघ. फाटलेली आहे. ती तू बाळ असताना डूल ओढून फाडलीस, असं ती सांगते.

अख्ख्या जगाने शिक्का मारून लिहून दिलंय की ही बाई जिवंत आहे. आता तू काय ते लिही.

थावी


प्रेक स्वाय
२ सप्टेंबर १९९३

श्री. सारिन,

कार्ड परत आलं. सोबतचा कागदही वाचला. "ही माझी आई नाही. माझ्या आईचे केस गुडघ्यापर्यंत होते. त्या काळात कान कितीतरी बायकांचे फाटले. माझ्या आईसाठी मी दर पितृपंधरवड्यात इथल्या देवळात भात वाहतो. कृपा करून मेलेल्यांना त्रास देऊ नका."

धन्य आहे तुझी! आता मी दगडावर डोकं आपटणार नाही.

इथली खबर हवी असेल तर सांगते, नको असली तरी सांगते. निवडणूक एकाने जिंकली, हरलेल्याने खुर्ची सोडली नाही, मग दोघांनी मिळून खुर्ची वाटून घेतली. लोक म्हणतात, छ्नाओतच ते, बक्षीस कोणाला लागायचं ते लागलं. पाहुण्यांचं काम संपलं. गेल्या आठवड्यात सैनिक आले आणि लोखंडी पूल उकलून ट्रकवर लादून घेऊन गेले. म्हणे, तो तात्पुरता होता, दुसरीकडे लागतोय. गाव काठावर उभं राहून बघत होतं. ताडगूळवाली म्हातारी ओरडली, "अरे, मतांच्या पेट्या न्यायला पूल होता, माणसं न्यायला नको का?" मी तिचं भाषांतर केलं. शब्दन् शब्द केलं. सैनिकाने मान खाली घातली. बिचारा, त्याच्या हातात काय होतं!

आई मात्र शांतपणे म्हणाली, "उसनी वस्तू परत द्यावीच लागते."

सिग्रिड निरोप घ्यायला आली तेव्हा कार्ड चटईवर पडलं होतं. तिने विचारलं, मी सगळं सांगितलं. तुझ्याबद्दलही आणि उन्हाबद्दलही. ती लालबुंद झाली. गाडीकडे धावली आणि कॅमेरा घेऊन आली. "एक फिल्म शिल्लक आहे. आजींना बाहेर सावलीत बसव. आता कसले नियम!"

आणि आई नाही म्हणाली. "एकदा तोंड दाखवलं, त्याला ओळखू आलं नाही. पुन्हा पुन्हा तोंड दाखवायला मी काय नवरी आहे?"

मी ओरडले, हात जोडले. नाही म्हणजे नाही. "मत द्यायला मला दोन साक्षीदार लागले," म्हणाली. "पोटच्या पोराची आई व्हायला किती लागतात ते मला माहीत नाही, आणि मी गोळा करणार नाही." सिग्रिडला मी हेही सांगितलं. ती ओट्यावर बसून रडली. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिला नारळपाणी दिलं.

ती फिल्म त्या बाईने ता मोनच्या होडीवर खर्च केली.

तुला पुन्हा लिहिणार नाही.

थावी


प्रेक स्वाय
१६ ऑक्टोबर १९९३

दादा,

लिहिणार नव्हते. आईने बसवलं. तिचा निरोप आहे, तेवढा पोचवते.

काल पितृपंधरवडा संपला. परवा आम्ही भाताचे गोळे वळत होतो. अचानक तिने विचारलं, "सारिन माझ्या नावाने दरवर्षी भात वाहतो, असं लिहिलंय ना त्याने?"

मी म्हटलं, "हो. तू मेलीस म्हणून."

"कधीपासून?"

"परदेशी गेला तेव्हापासून असेल."

ती गोळा वळत राहिली. मला वाटलं, रडेल. माझेच डोळे भरले होते, इतका संताप आला होता तुझा. जिवंत आईला देवळात भात वाहतोस आणि तिचं कार्ड हातात दिलं तर परत पाठवतोस!

ती म्हणाली, "तीळ घालतो का त्यात?"

"घालतच असेल. सगळेच घालतात."

"मग कसा पोचायचा मला!" आणि चक्क वैतागली. "तीळ मला कुठे चालतात? घशात खवखव होते, रात्रभर खोकते. विसरला वाटतं. अगं, लहान असताना तोच माझ्यासाठी बिनतिळाचा भात बाजूला काढायचा. भांड्यावर केळीचं पान झाकून ठेवायचा, आजी ओरडेल म्हणून. आजी म्हणायची, पितरांच्या भातात तीळ नाहीत म्हणजे अपशकुन. तर म्हणायचा, पितर नंतर, आधी आई."

मला हे ठाऊक नव्हतं, दादा. मी तेव्हा जन्मलेही नसेन. सोळा वर्षं मी तिच्या हातचा भात खाते आणि मला वाटायचं, म्हातारी तीळ घालायला विसरते.

मी म्हटलं, "आई, हे त्याला आधीच का नाही सांगितलंस? एवढं ऐकलं असतं तर..."

"त्यात सांगायचं काय? त्यालाच माहीत आहे." मग म्हणाली, "एवढंच लिही त्याला. माझ्या वाट्याच्या भातात तीळ घालू नकोस म्हणावं. उगीच फुकट जातो."

लिहिलं. मी काही मागत नाही, पुरावा म्हणूनही लिहीत नाही. तिने सांगितलं ते लिहिलं.

मी विचारलं, अजून काही? तर म्हणाली, गोळे वळायला घरात आपण दोघीच आहोत, पुढच्या वर्षी जड जाईल.

पूल नाही. पण घाटावर होडी असते. ता मोन घरच्या माणसाकडून पैसे घेत नाहीत.

थावी